दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बर विमानं अजून उडताना कुठं पाहायला मिळतील?

आर्वीवाला:
राम राम मंडळी. लँकेस्टर, बी-१७, बी-२९, लिबरेटर, ही चार इंजिनांची जुनी बॉम्बर. यांतली कोणती आजही हवेत जातात, आणि आपल्या भागातून आयुष्यात एकच खेप करायची तर कुठं जावं? संग्रहालयात उभी केलेली नकोत, उडतानाच पाहायची आहेत. घरी कपाशी आणि सोयाबीन आहे, त्यामुळे जून-जुलैत पाय निघत नाही, दसऱ्याच्या आसपास तर नाहीच नाही. सोबत वडील, सत्तरी ओलांडलेले. भारतातच काही सोय असेल तर ती आधी सांगा.

मर्लिन१२:
भाऊ, एकच खेप असेल तर इंग्लंड. उडती बॉम्बर अमेरिकेत जास्त आहेत, पण ती हजार-हजार किलोमीटरवर विखुरलेली. इंग्लंडात कॉनिंग्जबी ते डक्सफर्ड हे अंतर नागपूर ते अमरावती एवढंच, आणि तेवढ्या टापूत लँकेस्टर आणि बी-१७ दोन्ही पाहून होतात.

जगात उडती लँकेस्टर दोनच. पीए४७४ हे ब्रिटिश हवाई दलाच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटचं, मुक्काम लिंकनशरमधला कॉनिंग्जबी तळ. दुसरं एफएम२१३, कॅनडात टोरंटोजवळ हॅमिल्टनच्या कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियमकडे. दोन्ही १९४५ च्या मध्याला कारखान्यातून बाहेर पडली, त्यामुळे लढाई कोणीच पाहिली नाही. आज ती धड आहेत याचं एक कारण तेच. २०१४ मध्ये कॅनडाचं विमान अटलांटिक ओलांडून आलं आणि दोन्ही शेजारी शेजारी उडाली.

बी-१७ म्हणजे डक्सफर्डचं ‘सॅली बी’, युरोपात उडणारं एकमेव. डक्सफर्डला जायला लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून व्हिटल्सफर्ड पार्कवेची गाडी धरायची, तासाभराचा रस्ता. स्टेशनापासून संग्रहालय तीनेक किलोमीटर आहे. वडिलांना चालवू नका, टॅक्सी करा. बसायला घडीची खुर्ची सोबत असू द्या, शोच्या दिवशी मैदानात पाच-सहा तास जातात.

वेळेचं म्हणाल तर पोळा आटोपला की सोयाबीन सोंगणीपर्यंतचे दोन-तीन आठवडे तुमच्यासाठी नेमके आहेत. डक्सफर्डचा बॅटल ऑफ ब्रिटन एअर शो सप्टेंबरात असतो. ऑक्टोबर लागला की लँकेस्टर हिवाळी देखभालीला आत जातं, मग वसंतापर्यंत फक्त हँगरमध्ये दिसतं.

कॉनिंग्जबीला शनिवार-रविवार जाऊ नका. ते दोन दिवस विमानं बाहेरगावी शोला गेलेली असतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी हँगर दाखवतात, आणि हवा बरी असेल तर सरावाचं उड्डाण कुंपणाबाहेरूनही दिसतं. तिथून जवळच ईस्ट कर्कबीला एनएक्स६११ ‘जस्ट जेन’ हे तिसरं लँकेस्टर आहे. ते उडत नाही, पण चारही मर्लिन इंजिनं चालू करून धावपट्टीवर फिरवण्याची तिथं जुनी प्रथा आहे. त्याला पुन्हा उडवण्यासाठी दुरुस्ती चालू आहे, म्हणून तुमच्या तारखेला इंजिनं चालणार का, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

तळेगाव_फाटा:
व्हिसाचं मी सांगतो, कारण शेतकऱ्याचा अर्ज तिथंच अडतो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. म्हणजे सप्टेंबरसाठी जूनमध्ये, ऐन पेरणीत. कागद उन्हाळ्यातच गोळा करून ठेवा. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे पुष्कळांकडे आयकर विवरणपत्र नसतं. मग सातबारा, बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या पट्ट्या आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट एकमेकांशी जुळलं पाहिजे. अमुक तारखेला इतके क्विंटल कापूस गेला, तर तेवढी रक्कम त्या सुमारास खात्यात दिसायला हवी. अर्जाच्या आठ दिवस आधी कोणाकडून तरी तीन लाख घेऊन खात्यात टाकले की शंका तिथंच सुरू होते. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, सातबाऱ्याचंसुद्धा.

लोणारकर:
भारतात उडतं बॉम्बर एकही नाही. पण लिबरेटरचा विषय निघाला आणि आपलं नाव आलं नाही, असं व्हायला नको. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर टाकून दिली, तीही मोडतोड करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती जागेवर डागडुजी करून उडण्याजोगी केली, बंगळूरला नेली आणि तिथं पुरी दुरुस्त केली. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली, समुद्रावरच्या टेहळणीलाही. जगभरातल्या संग्रहालयांत आज जी लिबरेटर उभी आहेत, त्यांतली कित्येक आपल्याकडून गेलेली आहेत. एक दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात आहे.

उडताना भारतात पाहायचं तर हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटचं डकोटा, ‘परशुराम’ व्हीपी९०५. ते मालवाहू, बॉम्बर नव्हे, पण त्याच काळातलं. २०१८ मध्ये ब्रिटनहून उडत आलं, दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर असतं. ८ ऑक्टोबरच्या वायुसेना दिनाच्या सुमाराचे कार्यक्रम पाहत राहा.

मर्लिन१२:
अमेरिकेचंही थोडं. बी-२९ दोनच उडतात: डॅलसचं ‘फिफी’ आणि विचिटाचं ‘डॉक’. डॅलसलाच ‘डायमंड लिल’ हे लिबरेटर आहे. उन्हाळ्यात ही विमानं गावोगाव दौरे करतात आणि पैसे भरून आत बसताही येतं.

बी-१७ च्या भरवशावर मात्र अमेरिकेचं तिकीट काढू नका. पंखाची मुख्य तुळई, म्हणजे स्पार, जिथं जोडली जाते तिथल्या फिटिंगला गंज आणि तडे सापडल्यामुळे २०२३ मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, तपासणी सक्तीची केली. बरीच विमानं जमिनीवर आली. हे काम वरवरचं नाही, फिटिंग उघडल्याशिवाय आतलं कळत नाही.

आर्वीवाला:
दोघा-तिघांचे मनापासून आभार. जाहीर झालेलं विमान ऐनवेळी येत नाही असं वाचलं. हवा साफ असताना का येत नाही?

मर्लिन१२:
आडव्या वाऱ्यामुळे. लँकेस्टर आणि बी-१७ दोन्हींचं तिसरं चाक शेपटीला. धावपट्टीवर बाजूने वारा आला की उभ्या शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. वेग कमी झाला की रडरला, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या फळीला, पकड उरत नाही. म्हणून ऊन लख्ख पडलेलं असतानाही विमान निघत नाही. यादीत नाव असणं म्हणजे ‘येण्याचा विचार आहे’ एवढंच समजा. दोन दिवसांचा शो असेल तर दोन्ही दिवस हाताशी ठेवा.

दुसरं कारण इंजिन. बी-१७ ला नऊ सिलिंडरांची चार रेडियल इंजिनं. विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. तेल दबत नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात पाणी शिरल्यावर हँडल मारलं की जे होतं, तेच. म्हणून सुरू करण्याआधी माणसं पंख्याचं एकेक पातं हाताने ढकलत पुढे नेतात. मध्येच अडलं तर जोर लावत नाहीत, खालचा स्पार्क प्लग काढून तेल गाळतात. उलटं तर कधीच फिरवत नाहीत, कारण तेल इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, नळीत चढतं आणि इंजिन सुरू होताच परत आत ओढलं जातं. उड्डाणाआधी अर्धा तास कुंपणाजवळ उभे राहा, हे सगळं दिसेल. मग एकेक इंजिन धूर सोडत लागतं, आधी अडखळत, मग एका लयीत.

तळेगाव_फाटा:
फोटो काढणार असाल तर शटर १/१००० ठेवू नका. लँकेस्टरचा पंखा उडताना सेकंदाला साधारण चौदा फेरे घेतो. १/१००० ला पातं पाच अंशच सरकतं, फोटोत इंजिन बंद पडल्यासारखं दिसतं. १/१२५ ला ते चाळीस अंश फिरतं आणि पंखा फिरताना दिसतो. पण मग कॅमेरा विमानासोबत कमरेतून वळवावा लागतो. सराव घरीच करा, हायवेवरच्या एसटीवर.