सेफ क्लस्टर: डिस्क बदलायला एकच कमांड करता येईल का?

मकरपुरा_नाइटशिफ्ट
मंडळी, बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्याचं सेफ (Ceph, अनेक मशीनच्या डिस्क जोडून डेटा साठवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर बघतो. नवरात्र तोंडावर आलंय, जुनी माणसं गरब्याला आणि रात्री नवी पोरं. डिस्क मेली की त्यांनी आधी 'ओएसडी सेफ-टू-डिस्ट्रॉय' (ओएसडी म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारा प्रोग्राम; इथला सेफ म्हणजे safe, काढली तर डेटा जाणार नाही ना) विचारायचं, मग 'डिस्ट्रॉय', मग सेफ-व्हॉल्यूमने झॅप (डिस्क पुसणं), मग जुनाच आयडी देऊन क्रिएट. मला 'डिस्क-बदल १२' (१२ हा ओएसडीचा आयडी) एवढंच हवंय. बॅशमध्ये लिहू का? डॅशबोर्ड सुचवू नका, पोरं मोबाइलवरून एसएसएच करतात.

दांडियाबाजारचे काका
लिही, पण कमांडचा छापील मजकूर ऑकने (awk, रकाने मोजून मजकूर कापणारं साधन) कापू नकोस. २०१७ मध्ये सेफची ल्युमिनस आवृत्ती आली, 'ओएसडी ट्री' या यादीत 'क्लास' नावाचा रकाना घुसला आणि रकाने मोजणाऱ्या स्क्रिप्ट भलतंच उचलायला लागल्या. '--फॉरमॅट जेसन' (नावानिशी मांडलेली माहिती) लाव, जेक्यूने (जेसन वाचणारं साधन) हवं ते घे.

नवीन कमांडच घालायची तर सेफच्या मॅनेजरचं (देखरेख करणारा भाग) पायथन मॉड्यूल लिही. 'सेफ' या कमांडकडे स्वतःची यादी नसते बरं का, ती मॉनिटरकडून (क्लस्टरचा हिशेब ठेवणारा भाग) मागवते. मॉड्यूल चालू केलंस की तुझी कमांड सगळ्या मशीनवर, हेल्पमध्येसुद्धा दिसते. घरोघरी स्क्रिप्ट वाटत फिरायला नको. फक्त डेटा हलेपर्यंत आत ताटकळत बसू नकोस, लगेच उत्तर देऊन मोकळा हो. आणि मॅनेजर एका मशीनवर, डिस्क दुसऱ्या. झॅप तो स्वतः करणार नाही, त्याला ऑर्केस्ट्रेटर (मशीनवर कामं करवून घेणारा भाग) लागतो. सेफअ‍ॅडम आहे ना?

अलकापुरी_ताई
काका, धोक्याचं राहिलं. 'पर्ज'ने क्रशमधून (कुठला डेटा कुठल्या डिस्कवर, तो नकाशा) काढणं, ऑथ (ओएसडीची किल्ली) पुसणं आणि 'ओएसडी आरएम' अशा तीन कमांड एकीत आणल्या, छान झालं. तरी तो '--येस-आय-रियली-मीन-इट' मागतोच. पूल (डेटाचा अख्खा गट) उडवताना तर नाव दोनदा लिहावं लागतं, शिवाय मॉनिटरची परवानगी आधी उघडावी लागते. दादा, तो 'येस' स्क्रिप्टमध्ये कोंबून ठेवू नका, रात्री पोरांनी हातानेच टाइप करू दे. आणि डिस्क बदलायची तर 'पर्ज' नको, आयडी जातो. 'डिस्ट्रॉय'मध्ये तो राहतो.

मकरपुरा_नाइटशिफ्ट
सेफअ‍ॅडमच आहे.

दांडियाबाजारचे काका
मग एवढं रामायण कशाला! 'ऑर्च ओएसडी आरएम १२ --रिप्लेस' दे. तो आधी डेटा हलवतो, मग आयडी राखून ठेवतो. कुठवर आलं ते 'ऑर्च ओएसडी आरएम स्टेटस' सांगतो. तुझं मॉड्यूल एवढंच मराठीत दाखवू दे: बारा नंबर, अजून इतके पीजी (डेटाचे गठ्ठे) बाकी, थांब.

मकरपुरा_नाइटशिफ्ट
आणि पोरांनी शेजारचीच डिस्क ओढली तर?

अलकापुरी_ताई
'डिव्हाइस लाइट ऑन' आहे की. कंट्रोलरला जमत असेल तर त्या डिस्कचा दिवा लागतो. गरब्याआधी एकदा दिवसाउजेडी करून बघा, सगळ्या खोक्यांवर चालत नाही.