मदत हवी आहे : हॉबच्या कोपऱ्यात ग्रॅनाइटला तडा, ओटा बदलावा की सांधावा?

घोडबंदरकर :
ठाण्यात घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर फ्लॅट. ओटा ८ फूट लांब, २ फूट रुंद, काळा ग्रॅनाइट, जाडी १८ मिमी. खाली कडप्पा नाही, दगड थेट ट्रॉल्यांच्या प्लायवर टेकवलाय. हॉबसाठी, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी, कापलेल्या भागाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातून कडेपर्यंत केसासारखा तडा गेलाय. तिथली पट्टी जेमतेम २ इंच आहे. सिंकजवळ लिंबू सांडतं तिथे दगड राखाडी दिसतो. शिवाय ग्रॅनाइटमधून किरणोत्सर्ग होतो असं कुणीतरी सांगितल्यापासून सासूबाई ओट्यावर कणीकही मळत नाहीत. काय करावं?

कोनशिला :
आधी तड्यावरून आडवं नख फिरवा. दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर सांधता येईल. नख अडकलं, एक बाजू खाली बसलेली वाटली, तर खालचा आधार खचलाय. तो नीट केल्याशिवाय काहीही भरलं तरी पुन्हा उघडेल.

कारण बहुधा कापण्यात आहे. जागेवर हातकटरने कापताना गोल पातं कोपऱ्याची रेघ ओलांडून पुढे जातं आणि दगडात बारीक खाच राहते. काटकोनी कोपऱ्यावर ताण आधीच एकवटतो, त्यात ही खाच. मग त्या २ इंची पट्टीवर कुणी हाताने भार देऊन टेकलं किंवा भरलेला कुकर आपटला तरी पुरतं. हॉब काढून कोपरा टॉर्चने पाहा, खाच दिसेल.

दुरुस्ती अशी. पाइप गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, नळी जोडायला-सोडवायला गॅसचा माणूसच बोलवा. तडा थिनरने पुसून किमान एक दिवस कोरडा होऊ द्या. पावसाळ्यात हेअर ड्रायर लागेलच, कारण ओलीत इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) धरत नाही. दगडासाठी मिळणारं पातळ इपॉक्सी डब्यावरच्या प्रमाणात कालवा, काळा रंग मिसळा, तड्यात मुरू द्या आणि २४ तास हात लावू नका. वर आलेलं ब्लेडने खरवडा. खालून मात्र पट्टीच्या पूर्ण लांबीला २५ मिमीचा चौकोनी लोखंडी पाइप इपॉक्सीने चिकटवून दोन्ही टोकं ट्रॉलीच्या उभ्या फळ्यांवर टेकवा. नुसतं वरून भरून घेऊ नका, मिस्त्री तेवढंच करून जातात.

पाटावरवंटा :
राखाडी डागाबद्दल. खरा ग्रॅनाइट लिंबाने खराब होत नाही, लिंबू संगमरवराला खातं. दोन शक्यता. एक, दगड मुळात करडा आणि वरून काळा रंग किंवा तेल मारलेलं. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन न दिसणाऱ्या जागी घासा, काळं उतरलं तर तेच. दोन, पाण्यातल्या क्षारांचा थर. तो कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने निघतो. संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही नको, सांध्यातलं सिमेंट जाईल. गंजाचे डाग काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं, त्याने ग्रॅनाइटची पॉलिशही मरते आणि हातालाही ते घातक आहे.

रंग गेलेला असेल तर तो परत लावू नका, अन्न तिथेच ठेवायचंय. तिथे पाण्याचा थेंब १५ मिनिटं ठेवा. खाली दगड गडद झाला तर पाणी शोषलं जातंय, मग अन्नासाठी सुरक्षित असा सीलर लावा. थेंब तसाच राहिला तर सीलरवर पैसे घालवू नका.

कोनशिला :
सासूबाईंना निर्धास्तपणे कणीक मळू द्या. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम किंचित असतात आणि त्यातून थोडा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सुटतो हे खरं. पण घरातला रेडॉन मुख्यतः इमारतीखालच्या जमिनीतून येतो. सातव्या मजल्यावर, खिडकी उघडी असलेल्या स्वयंपाकघरात ओट्याचा वाटा नगण्य. खरा धोका कापताना उडणाऱ्या धुळीचा आहे, तिच्यातल्या सिलिकाने फुप्फुसं कायमची निकामी होतात. घरात कोरडं कापू देऊ नका, पाणी सोडूनच कटर चालवायला लावा आणि मिस्त्रीला साधं फडकं नाही, एन९५ मास्क द्या.

घोडबंदरकर :
नखाला पातळी सारखीच लागली. थिनरने फडकं काळं झालं! पुढे कधी बदललाच तर काय सांगून ठेवू?

पाटावरवंटा :
हॉबच्या पुढेमागे किमान ३ इंच दगड ठेवा. चारही कोपऱ्यांना आधी गोल भोकं पाडून मगच त्यांच्यामध्ये कापायचं, हे दुकानातच करून घ्या. १८ मिमीचा दगड चौरस फुटाला साधारण साडेचार किलो, म्हणजे पूर्ण ८ फुटी लादी ७० किलोच्या वर. लिफ्ट मोजा. मावत नसेल तर सांधा सिंक-हॉबपासून दूर, उभ्या आधारावरच घ्या. आधार दर २ फुटांवर हवा. खालून लावायचं सिंक नुसत्या सिलिकॉनवर टांगू देऊ नका, भरलं की सुटतं. त्याला खालून चौकट लागते. आणि पुढच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच मागा, नाहीतर ओघळ प्लायमध्ये जाऊन ट्रॉल्या फुगतात.