नांद्रुकाचं खोड वर जाड, बुंध्याशी बारीक: गुटी बांधावी की बुंधा वाढवावा?

सागरकाठ, रत्नागिरी
बोन्सायसाठी नर्सरीतल्या पिशवीतून कुंडीत घेतलेलं नांद्रुक आहे. मातीपासून उंची २२ इंच. मातीलगत खोडाची जाडी २ इंच, पण ५ इंचांवर एकाच जागेवरून निघालेल्या तीन फांद्या कधीतरी छाटल्या गेल्या आणि तिथे गाठ धरून जाडी ३ इंच झाली आहे. खोड त्याच्या वर छान निमुळतं होत जातं. पहिली राखलेली फांदी ११ इंचांवर. मुळांचा पसारा तीन बाजूंनी बरा आहे, मागची बाजू रिकामी. गाठीखाली छाटलं तर वरची सगळी ठेवण जाते, ते नको वाटतं. गाठ तासली तर? की गुटी बांधू, म्हणजे खोडाची कड्यासारखी साल काढून तिथे ओलं मॉस बांधून मुळं धरवू? की बुंधा जाड होण्याची वाट बघू? मृग तोंडावर आहे, म्हणून आताच ठरवायचं आहे.

जांभ्यावरचा वड
हत्यार उचलण्याआधी वरची माती उकरून बघा. पिशवीतली रोपं बहुतेक वेळा खोल बसलेली असतात आणि खरा बुंधा इंच-दीड इंच खाली गाडलेला असतो. बांबूच्या काडीने खोडाभोवती हळूहळू मोकळं करा. खाली जाडी अडीच-पावणेतीन इंच भरली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

तासायचं मात्र डोक्यातून काढून टाका. नांद्रुकाची जखम भरून येताना कडा फुगतात, म्हणजे जिथे जाडी कमी करायची तिथेच ती वाढते. शिवाय लाकूड मऊ. आपल्याकडच्या तीन हजार मिलिमीटरच्या पावसात उघडं लाकूड भिजत राहिलं की आतून कुजतं.

कातळसडा
गुटीच. तुमचे आकडेच सांगतात. बोन्सायची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असली की झाड भरदार दिसतं. आज ते २२ ला २ आहे, म्हणजे अकरापट. गाठीवर गुटी धरली तर उरते १७ इंच उंची आणि बुंधा ३ इंच, जवळजवळ सहापट. पहिली फांदी नव्या मातीपासून ६ इंचांवर येते, म्हणजे उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर. जी गाठ आज दोष आहे तोच उद्याचा बुंधा.

चूक होते ती वरच्या कापात. लोक गाठ संपते तिथे, तिच्या खाली कापतात. मुळं फुटतात वरच्या कडेतून, त्यामुळे गाठीखालचा बारीक गळा मुळांच्या वर राहतो आणि उलटा टेपर, म्हणजे वर जाड आणि खाली बारीक ही ठेवण, तशीच राहते. वरचा काप गाठीच्या सगळ्यात जाड रेषेवर घ्या. झाड पुढे कुठल्या कोनात बसवायचं ते आधी ठरवा, कुंडी तेवढी कलती करा आणि मगच आडवी रेघ मारा, कारण ती रेघ म्हणजे उद्याची मातीची पातळी. छाटलेल्या फांद्यांच्या जागी साल भरून आली असेल तर हरकत नाही. पण सुकं लाकूड दिसत असेल तिथे मूळ फुटणार नाही. तेवढ्या भागात रेघ जिवंत सालीपर्यंत पाव इंच वर चढवा.

खालचा काप अडीच इंच खाली. मधली साल पूर्ण सोलून लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडा. त्याचा दोराएवढा पट्टा राहिला तरी नांद्रुक साल जोडून घेतं आणि मुळं धरत नाही. चीक ओल्या फडक्याने पुसा, थांबला की वरच्या कडेला आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाची) पावडर लावा. रात्रभर भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (सुकं शेवाळ) मुठी-दोन मुठी, काठाच्या वर इंचभर येईल असं दाबून बांधा. वर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर काळं कापड, म्हणजे मुळं आली का ते कापड सोडून बघता येतं.

आपल्याकडच्या बागांत बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) हाताशी असते म्हणून सांगतो: वरच्या काठाला ती लावू नका. मोरचुदातलं तांबं मुळांची वाढ रोखतं.

तिरपं खोड
गुटीला माझा विरोध नाही, पण तीन बाजूंची तयार मुळं सोडून द्यायची घाई का? याच झाडाच्या पेन्सिलएवढ्या जाड फांद्या लावून सहा-सात रोपं करा. मुळं धरली की बुंध्याच्या सालीत उभ्या खाचा पाडून त्यांत बसवा आणि सुतळीने आवळा. वडाच्या कुळातली झाडं सहज एकजीव होतात, मागची रिकामी बाजूही भरते. रोपं दुसऱ्या झाडाची घेऊ नका, सालीचा रंग आणि पान वेगळं निघालं तर जोड कायम दिसतो.

कातळसडा
पद्धत बरोबर आहे, आणि गाठ २.२५ इंचांची असती तर मीही तेच सांगितलं असतं. इथे बुंधा दीडपटीहून जाड करायचा आहे. त्याला दोन-तीन पावसाळे लागतील, आणि तोवर गाठही वाढतच राहील. मुळांचं म्हणाल तर गुटीतून चहूबाजूंनी एका पातळीवर मुळं येतात, मागची रिकामी बाजू उरत नाही.

सागरकाठ, रत्नागिरी
माती उकरली. दीड इंच खाली जाडी सव्वादोन इंच, त्याखाली मुळं सुरू होतात. म्हणजे गुटी. दोन शंका: पावसात मॉस कुजणार नाही का, आणि झाड केव्हा वेगळं करायचं?

कातळसडा
पावसाचं पाणी खोडावरून उतरून थेट गुटीत शिरतं. कोरड्या भागात वरचं तोंड सैल ठेवून पाणी घालतात, कोकणात नेमकं उलट करायचं. वरून सुतळीचे तीन-चार वेढे देऊन घट्ट आवळा, खाली सुईने पाच-सहा भोकं पाडा. कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका. मॉस दाबलं की ओल जाणवावी, पाणी गळता कामा नये.

मृगाच्या सुरुवातीला बांधलीत तर पाच-सहा आठवड्यांत पांढरी मुळं दिसतील. ती बघून लगेच कापू नका. पांढरी मुळं काचेसारखी मोडतात. तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटले, प्लास्टिक भरलं, की मग वेगळं करायचं. गणपतीच्या आसपास केलंत तर ऑक्टोबरच्या चटक्याआधी झाडाला सावरायला वेळ मिळतो. तोपर्यंत वरची फांदी-पान छाटू नका. पानांतलं अन्न सालीतून खाली येऊन वरच्या काठाशी अडतं, त्यावरच मुळं पोसतात.

जांभ्यावरचा वड
कापताना करवत मुळांच्या अगदी खालून चालवा आणि बूड सपाट ठेवा, उंच ठोकळा राहिला तर उथळ ट्रेमध्ये झाड बसत नाही. मॉस ओढून काढू नका, मुळं तुटतात. बाहेरचं सैल तेवढं काढा, बाकीचं पुढच्या वर्षी. मिश्रणात ३ ते ५ मिलिमीटरचे चाळलेले विटांचे किंवा जांभ्याचे खडे जास्त, शेणखत अगदी कमी. झाड हलू नये म्हणून कुंडीच्या भोकांतून तार घेऊन आवळा, पानं तिसरा हिस्सा कमी करा आणि दोन-तीन आठवडे वारा लागणार नाही अशा सावलीत ठेवा.

खालचा खुंट टाकू नका. त्यावर साल आहे, मुळं आहेत, तो फुटेल. ‘तिरपं खोड’ यांनी सांगितलेली रोपं जोडायची पद्धत त्याच्यावर करून बघा.