मदत हवी आहे : दगडी भिंतीपलीकडे वायफाय पोचेना, गाणी अडकतात

लातूरमधलं जुनं घर, मधली भिंत दोन फुटी दगडाची. राउटर ओसरीत, स्पीकर माजघरात. तिथे सिग्नल उणे 78 डीबीएम, म्हणजे फारच कमजोर. वायफायचा 5 गिगाहर्ट्झ बँड भिंतीतच जिरतो, म्हणून स्पीकर 2.4 गिगाहर्ट्झवर; चॅनल 1, 6, 11 तिन्ही पाहिले, चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ. तरी गाणं थांबतंच. 320 केबीपीएसच्या गाण्याला प्लॅनचा वेग भरपूर आहे, दोष त्याचा नाही. माजघरात रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा) लावणं व्यर्थ, त्यालाच कमजोर सिग्नल मिळणार.

आता 15 मीटर कॅट 6 केबल चौकटीवरून नेऊन जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर देणारा) करायचाय : त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणं) बंद, आयपी पत्ता मुख्य राउटरहून वेगळा, केबल त्याच्या लॅन पोर्टात, नाव-पासवर्ड तेच, चॅनल वेगळा. यात काही राहिलं का? आणि लाइट गेल्यावर 12 व्होल्टचे दोन्ही राउटर एकाच मिनी यूपीएसवर किती वेळ टिकतात? कुणी वापरत असेल तर अँपिअरसह नक्की सांगा.