टायबेरियसला न्याय द्यायचा तर काप्रीच्या पलीकडे बघा

रोमन सम्राट टायबेरियस म्हणजे इटलीजवळच्या काप्री बेटावर दडून बसलेला विकृत म्हातारा, हे प्रचलित मत रोमन चरित्रकार सुएटोनियसवर बेतलेलं दिसतंय. पण सुएटोनियसनं लिहिलं ते सम्राट मेल्यावर ऐंशीएक वर्षांनी, आणि कुचाळक्यांची त्याला भारी हौस. त्या चावट कथा मी तरी फारशा मनावर घेत नाही.

त्यापेक्षा पैशाचा कारभार बघा. इ.स. १७ मध्ये आशिया प्रांतातली (आजचा पश्चिम तुर्कस्तान) बारा शहरं एका रात्रीत भूकंपानं कोसळली. सर्वाधिक झळ बसलेल्या सार्डिस शहराला टायबेरियसकडून १ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) आणि पाच वर्षांची करमाफी मिळाली. इ.स. ३३ मध्ये रोममध्ये सावकारांनी एकदम वसुली लावली, जमिनींचे भाव गडगडले. तेव्हा यानं १० कोटी सेस्टर्स तीन वर्षांसाठी बिनव्याजी उपलब्ध करून दिले. अट एकच, कर्जाच्या दुप्पट किमतीची जमीन तारण. आणि ही कर्जाची सोय रोममध्ये पाऊल न ठेवता!

(जाता जाता: कोइमतूरच्या बाजूला सापडलेल्या रोमन नाण्यांत याची चांदीची नाणी भरपूर आहेत. चैनीपायी पैसा परक्यांकडे जातो म्हणून सिनेटपुढे कुरकुर करणाराही हाच.)

त्याच्या काळातल्या राजद्रोहाच्या खटल्यांचं मात्र समर्थन करता येत नाही. त्याच्या अंगरक्षक दलाचा बलाढ्य प्रमुख सेजानस याला इ.स. ३१ मध्ये संपवलं ते राजकारण म्हणून समजू शकतो, पण नंतर सेजानसच्या लहान मुलीलाही सोडलं नाही. शिवाय इतक्या काटकसरीनं भरलेली तिजोरी पुढचा उधळ्या सम्राट कॅलिगुला याच्या हाती जाईल अशी व्यवस्था केली, ते वेगळंच.