‘प्लीज’ नेमकं कुठे आणि कसं वापरायचं? भावासाठी सल्ला हवा

पेडणेची_ताई
माझा धाकटा भाऊ कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागलाय. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे सगळं इंग्रजीत, त्यामुळे व्याकरण पक्कं आहे. पण तो ‘गिव्ह मी युअर पासपोर्ट’ म्हणाला की इंग्रज पाहुण्यांचे चेहरे बदलतात. आता तो प्रत्येक वाक्याला ‘प्लीज’ लावतो, तरी साहेब म्हणतात, हुकूम सोडल्यासारखं वाटतं. पोरगा स्वभावाने फार नम्र आहे हो, म्हणून जिवाला लागतं. हा शब्द कसा वापरायचा? एखादं पुस्तक किंवा साइटही सुचवा. ऑक्टोबरपासून सीझन सुरू होईल.

फोंड्याचा_मास्तर
ताई, तो मनात मराठी वाक्य जुळवतो आणि मराठीत ते वाक्य नम्रच असतं. आपला आदर क्रियापदात असतो. ‘दे’चं ‘द्या’ केलं की मान दिला गेला, ‘देता का जरा?’ म्हटलं की आणखी मऊ. म्हणून ‘कृपया’ घरात कोणी म्हणत नाही, तो फलकावर नाहीतर रेल्वेच्या घोषणेत. इंग्रजीत ‘गिव्ह’ साहेबालाही तेच आणि पोरालाही तेच. तिथे मान येतो तो मुख्यतः प्रश्न विचारण्यातून. ‘प्लीज’ त्याच्या जोडीला.

‘प्लीज गिव्ह मी युअर पासपोर्ट’ हा हुकूमच राहतो. ‘कुड आय सी युअर पासपोर्ट, प्लीज?’ ही विनंती झाली. जागाही बघा. ‘प्लीज वेट हिअर’ असं सुरुवातीला आलं की सूचनेचा सूर लागतो, शेवटी आलं की सौम्य वाटतं. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलला 24 तासांत सरकारला कळवावीच लागते, त्यामुळे पासपोर्ट मागणं टळत नाही. मग कारणही सांगावं: ‘आय नीड इट फॉर द रजिस्ट्रेशन.’ माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

म्हापसा_किचन
मास्तरांशी सहमत. एक भर घालते. आपण काही देऊ करतो तेव्हा प्रश्नाला ‘प्लीज’ लावायचं नाही. ‘वुड यू लाइक सम टी, प्लीज?’ हे आमच्याकडची नवी मुलं हमखास म्हणतात. चहा पाहुण्याला मिळणार, मग विनंती आपण कसली करायची? नुसतं ‘वुड यू लाइक सम टी?’ पुरे. ‘येस, प्लीज’ किंवा ‘नो, थँक यू’ हे पाहुण्याने म्हणायचं. मात्र ‘प्लीज हॅव अ सीट’ चालतं, तो आग्रह आहे.

आणि अमेरिकन पाहुणा ‘कॅन आय गेट अ कॉफी?’ एवढंच म्हणाला तर भावाने मनाला लावून घेऊ नये. ऑर्डर देताना ते लोक ‘प्लीज’ इंग्रजांपेक्षा कमी वापरतात. त्यात उद्धटपणा नसतो.

साखळीकर
पुस्तक म्हणाल तर ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’. शिकणाऱ्यांसाठीच केलेली आहे, अर्थांसोबत उदाहरणाची वाक्यं देते. विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात विचारून बघा. उच्चारासाठी केंब्रिजच्या डिक्शनरीची साइट, तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’ फुकट आहे, बसमध्ये कानाला लावून ऐकता येईल. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला एवढ्यात पैसे घालू नका.

पेडणेची_ताई
खूप आभार सगळ्यांचे! मास्तर, त्याला वाक्यं लिहूनच देते. एक राहिलं. हॉटेलच्या ईमेलांत ‘प्लीज काइंडली’ लिहितात ते बरोबर का?

फोंड्याचा_मास्तर
दोन्ही एकत्र नकोत, काम एकच आहे. ‘प्लीज’ ठेवा, ‘काइंडली’ काढा. बोलताना ‘काइंडली’ जरा दरडावल्यासारखंही ऐकू येतं, म्हणून काउंटरवर तर नकोच. आणि ‘प्लीज’ लांबवू नये म्हणावं. ‘प्लीऽऽज’ म्हटलं की वैताग ऐकू येतो.