‘ओपन इनोव्हेशन’मध्ये लहान पुरवठादाराचे हित शासन कसे जपू शकेल?

भोसरीचा_यंत्रकार:
आमचा वाहनांचे सुटे भाग बनवणारा लहान कारखाना आहे. हल्ली मोठ्या कंपन्या ‘ओपन इनोव्हेशन’ म्हणून पुरवठादारांकडून सुधारणा मागवतात. परंतु एकदा ड्रॉइंग हाती दिले, की ते कमी दराच्या कोटेशनसाठी दुसऱ्या व्हेंडरकडे जाणार नाही, याची हमी कोण देणार? अनुदानाच्या योजना पुष्कळ आहेत. उद्योगांनी एकमेकांपुढे कल्पना मोकळेपणाने मांडाव्यात यासाठी शासनाने आणखी काय करावे?

पेटंट_सल्लागार:
आपली शंका रास्त आहे. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही (विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये त्याचा मसुदा सुचवला आहे), त्यामुळे सगळा भार करारावर पडतो आणि करार बहुधा मोठा पक्षच लिहितो. संयुक्त पेटंट हा उपाय वाटतो खरा. पण पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर, प्रत्येक सहमालक ते स्वतःच्या उत्पादनात वापरू शकतो आणि त्याबद्दल दुसऱ्याला काही देणे लागत नाही, मात्र तिसऱ्याला परवाना देण्यास इतर सहमालकांची संमती लागते. म्हणजे ज्याचा कारखाना मोठा, त्याचे फावते. ब्रिटनमध्ये विद्यापीठे आणि उद्योग यांच्यासाठी २००५ पासून ‘लॅम्बर्ट टूलकिट’ हे नमुना करार उपलब्ध आहेत. ते ऐच्छिक असले तरी मालकी कोणाची, वापर कोणाचा, हे पर्याय त्यांत आधीच मांडलेले असतात. आपल्या उद्योग विभागाने उद्योगा-उद्योगांतील सहकार्यासाठी असे नमुने मराठीत काढले, तर खर्च नगण्य आणि उपयोग मोठा.

जुना_खरेदी_अधिकारी:
करारापेक्षा पहिली ऑर्डर महत्त्वाची, असे माझे मत आहे. संरक्षण मंत्रालयाच्या २०१८ च्या ‘आयडेक्स’ योजनेत सैन्यदले आपली अडचण जाहीर करतात, नवउद्योग आणि लघुउद्योग तोडगे सुचवतात, निवड झालेल्यांना नमुना तयार करण्यासाठी अनुदान मिळते आणि २०२० च्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत पुढील खरेदीचा मार्गही ठेवला आहे. महापालिका आणि एसटी महामंडळ यांनी असे का करू नये?

लेखापाल_चिंचवड:
ऑर्डर मिळाली तरी पैसे वेळेवर मिळायला हवेत. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांत चुकते करावे लागते. वित्त कायदा २०२३ ने त्याला प्राप्तिकराची जोड दिली: मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते, म्हणजे तोवर त्याचा कर वाढतो. तक्रार करून गिऱ्हाईक गमावण्याची भीती असलेल्या पुरवठादाराला ही तरतूद अधिक उपयोगी, कारण तिच्यासाठी त्याला कोणाविरुद्ध उभे राहावे लागत नाही.

भोसरीचा_यंत्रकार:
आमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे. पुढील ड्रॉइंग देण्यापूर्वी मालकीचे कलम लेखी मागून घेईन.